कंडोम पुन्हा पुन्हा का फाटतो?

प्रश्न : लग्नाला एक वर्ष झाले असून आणखी दोन वर्षे तरी आम्हांला मूल नको आहे. गोळ्या मला मानवल्या नाहीत, म्हणून आम्ही कंडोम वापरतो. परंतु तो दोनदा संबंधाच्या वेळीच फाटला. कोरडेपणामुळे मला त्रास होत असल्याने आम्ही थोडे खोबरेल तेल लावतो. एकावर एक दोन कंडोम घातले तर धोका टळेल, असे पतींचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? पुन्हा फाटल्यास काय करावे?

उत्तर : कंडोम फाटण्याचे कारण बहुधा ते तेलच आहे. बहुतेक कंडोम लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचे, असतात आणि खोबरेल, बेबी ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लागताच लॅटेक्स काही मिनिटांत कमकुवत होते, मग कंडोम कितीही चांगला असो. त्याऐवजी पाण्याचे किंवा सिलिकॉनचे वंगण वापरावे. कोरडेपणा सहन करत राहू नका. घाई न करता, मनाची आणि शरीराची तयारी झाल्यावरच संबंध ठेवा आणि तरीही त्रास होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

दोन कंडोम मात्र मुळीच घालू नयेत, कारण ते एकमेकांवर घासून फाटण्याची किंवा निसटण्याची शक्यता वाढते. एकच कंडोम नीट वापरणे पुरेसे आहे. पाकीट दातांनी वा कात्रीने न उघडता कडेने हाताने फाडावे, टोक चिमटीत धरून त्यातील हवा काढावी आणि शिश्न ताठ झाल्यावर, योनीशी कोणताही स्पर्श होण्यापूर्वी, तो मुळापर्यंत उलगडावा. चुकून उलट्या बाजूने लावला गेला, तर तोच फिरवून वापरू नये, नवा घ्यावा. स्खलनानंतर ताठरता असतानाच, कंडोमची कडा बोटांनी धरून बाहेर यावे. दर वेळी असा अचूक वापर केल्यास वर्षभरात 100 पैकी सुमारे 2 स्त्रियांना गर्भ राहतो. प्रत्यक्षात लोक जसा वापरतात, तसा वापरल्यास सुमारे 13 जणींना. हा फरक हाताळणीतील चुकांचा आणि एखाद्या वेळी तो न वापरण्याचा आहे.

तरीही फाटलाच, तर लगेच थांबा. योनी आतून धुऊन गर्भधारणा टळत नाही. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी 72 तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, घ्यावी. नेहमीच्या गोळ्यांचा तुम्हांला नेमका काय त्रास झाला, हे ती घेताना डॉक्टरांना अवश्य सांगा. 5 दिवसांच्या आत तांबी बसवणे हा त्याहूनही खात्रीचा उपाय आहे आणि पुढील दोन वर्षांसाठीही ती तुम्हांला सोयीची ठरेल.

तांबी संसर्ग रोखत नाही, हे इतर वाचकांसाठी मुद्दाम लिहीत आहे. एचआयव्ही, गनोरिया, क्लॅमिडिया यांपासून कंडोम चांगले संरक्षण देतो. हर्पीस आणि एचपीव्ही (गुप्तांगावरील चामखीळ व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांना कारणीभूत ठरणारा विषाणू) झाकल्या न गेलेल्या त्वचेतूनही पसरत असल्याने त्यांच्यापासून संरक्षण कमी मिळते. जोडीदाराला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल आणि कंडोम फाटला, तर 72 तासांच्या आत प्रतिबंधक औषधे सुरू करून ती 28 दिवस घ्यावी लागतात.

मागच्या वेळी कंडोम फाटल्यानंतर तुमची पाळी वेळेवर आली नसेल, तर सर्वांत आधी गर्भचाचणी करून घ्या.