पिनकोड एकदा बरोबर, एकदा चूक

प्रश्न : मंडळाच्या गणेशोत्सव स्पर्धांसाठी मी जावास्क्रिप्टमध्ये नोंदणीचा फॉर्म केला आहे. ४५२००१ टाकून बटण दाबलं की चालतं, काही न बदलता पुन्हा दाबलं की ‘चुकीचा पिनकोड’, तिसऱ्यांदा पुन्हा चालतं. रेगेक्सला (पिनकोडचा नमुना तपासणाऱ्या सूत्राला) ‘जी’ फ्लॅग, म्हणजे सगळ्या जागी शोधायला सांगणारी खूण, आहे. नावासाठी बॅकस्लॅश-पी आणि महिरपी कंसात एल (म्हणजे कुठल्याही लिपीतलं अक्षर), सोबत ‘यू’ फ्लॅग घेतला. ‘कमल’ चालतं, ‘जोशी’ नाही. ‘आय’ लावूनही फरक नाही. – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आधी ‘जी’ काढा, पिनकोडचं दुखणं तिथेच थांबेल.

‘जी’ लावलेला रेगेक्स मागचा शोध कुठे संपला ते ‘लास्टइंडेक्स’मध्ये लिहून ठेवतो, आणि पुढची टेस्ट तिथूनच सुरू होते. तुम्ही रेगेक्स बटणामागच्या फंक्शनच्या बाहेर एकदाच बनवला असणार. पहिल्यांदा सहाही आकडे जुळले, लास्टइंडेक्स ६ झाला. दुसऱ्यांदा शोध सुरू झाला तो आकडे संपल्यावर. तिथे काहीच नाही, म्हणून नकार, आणि लास्टइंडेक्स परत ०. मीही यात अडकले होते. ४० सभासदांच्या पिनकोडांवर असाच रेगेक्स यादी गाळणाऱ्या ‘फिल्टर’ला दिला आणि २० जण गळाले. अर्धा दिवस त्या वीस जणांचे पत्ते तपासत बसले. यादी छापून पेन्सिलीने खुणा केल्या तेव्हा कुठे दिसलं, की बरोबर एकाआड एक नाव गेलंय.

फोन नंबरमधल्या सगळ्या मोकळ्या जागा रिप्लेसने काढायच्या असतील तर मात्र ‘जी’ हवाच; नाहीतर पहिली तेवढी जाते.

‘आय’ लहान-मोठ्या लिपीतला फरक विसरायला लावतो. देवनागरीत तो फरकच नाही, तेव्हा नावाच्या रकान्यातून तो काढून टाका. ‘यू’ मात्र ठेवा. २०१८ पासून बॅकस्लॅश-पीचे हे वर्ग भाषेत आहेत, पण ‘यू’ (किंवा नवा ‘व्ही’) नसेल तर रेगेक्स पी, महिरपी कंस आणि एल हीच चिन्हं जशीच्या तशी शोधत बसतो.

‘जोशी’ अडतं ते मात्रांमुळे. युनिकोडच्या (सगळ्या लिपींच्या चिन्हांच्या सामायिक यादीच्या) हिशेबात ज आणि श अक्षरं, म्हणजे एल. ओकार आणि दीर्घ ईकार ही चिन्हं, म्हणजे एम. ‘कमल’मध्ये चिन्हच नाही, म्हणून ते सुटलं. चौकटी कंसात एल आणि एम दोन्ही घ्या, पूर्ण नावासाठी मोकळी जागाही. मग ‘कऱ्हाडे’ लिहून बघा. काही कीबोर्ड तो अर्धा र साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तिघांनी लिहितात, आणि तो जोडक ना एलमध्ये, ना एममध्ये. त्यालाही त्या कंसात वेगळी जागा द्या.