गाडीतल्या वायरलेस सेटचा एसडब्ल्यूआर 1.3 आहे, तरी आवाज पोचत नाही. सेट दुरुस्तीला पाठवू का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोलेरोच्या कॅरिअरवर 2 मीटर बँडचा (म्हणजे तरंगाची लांबी 2 मीटर) अँटेना, आत 50 वॅटचा सेट. रिपीटर (आपला सिग्नल उंचावरून पुन्हा पुढे पाठवणारं केंद्र) स्वच्छ ऐकू येतो, पण पाऊस सुरू झाल्यापासून तुमचा आवाज तुटत तुटत जातो. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत फिरते याचा आकडा; 1 म्हणजे काहीच परत नाही, आकडा वाढला की जास्त परत. मीटर 1.3 दाखवतोय म्हणून दुकानदार म्हणाला, अँटेना-केबल ठणठणीत आहे, सेटचं फायनल (पॉवर देणारा शेवटचा ट्रान्झिस्टर) गेलंय, पाठवून द्या.

पाठवू नका. आणि 1.3 हा आकडा पुरावा म्हणून पुढे करणाऱ्या माणसाकडे तर मुळीच नको.

या आकड्याशी माझं जुनं वैर आहे. आमच्या ग्रुपने एकदा पावसाळी मोटार रॅलीचं वायरलेस सांभाळायचं काम घेतलं होतं. ताम्हिणी घाट, ऐन जुलै. तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, वायपर चालू असून नसल्यासारखा. मोबाइलला रेंज नाही, सगळी भिस्त सेटवर. मी मार्शलच्या जीपमध्ये. त्या जीपचं फिटिंग ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी उन्हाळ्यात केलेलं. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांचा हात लागला की विषय संपला, अशी त्यांची ख्याती.

पहिल्या गाड्या सुटल्या आणि बेस, म्हणजे कंट्रोलचा मुख्य सेट, मला ओळखेना. मागच्या गाडीतला पोरगा 5 वॅटच्या हँडीवरून (हातातल्या छोट्या सेटवरून), काच खाली करून, आरामात बेसला पोचतोय; माझा 50 वॅटचा सेट मात्र नुसती खरखर. काकांनी पावसात उतरून मीटर लावला. 1.2. ‘‘बघ. याच्यापेक्षा काय पाहिजे तुला? माईक तोंडाशी धर आणि पोटातून बोल.’’ मग मी दिवसभर पोटातून बोललो. माझे निरोप तो हँडीवाला पोरगा पुढे देत होता.

संध्याकाळी पौडला चहाला थांबलो, तेव्हा मी सेट 5 वॅटवर आणला आणि सगळ्यांसमोर अँटेनाची काडी माउंटवरून फिरवून काढून बॉनेटवर ठेवली. आता टपावर नुसतं बोडकं माउंट. काकांना म्हटलं, आता बघा. पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं. काटा 1.3 वर. अँटेनाच नाही आणि मीटर म्हणतोय सगळं झकास! काकांनी काट्याकडे बघितलं, मीटरवर दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाले, ‘‘मीटरमध्ये पाणी गेलंय.’’

पाणी गेलं होतं, पण केबलमध्ये. अँटेनापर्यंत जाऊन परत फिरलेली पॉवर केबलमधून दुसऱ्यांदा जाते, म्हणजे केबल दोनदा खाते. केबल एका फेरीत 10 डीबी खात असेल (म्हणजे पॉवरचा दहावा हिस्साच उरत असेल), तर परत येईपर्यंत 20 डीबी कमी झालेले असतात. मग पलीकडच्या टोकाला काहीही नसलं, तरी सेटच्या टोकाला मीटर 1.2 च दाखवणार. इकडे 50 वॅटपैकी 5 वॅटच वर पोचतात. बाकीचे केबल गरम करतात. एसडब्ल्यूआर तर डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रेझिस्टर) 1 येतो. म्हणून त्याच्यावर कुणी रिपीटर उघडतं का?

ती केबल घरी आणून माउंटपासून वीतभर अंतरावर कापली. तांब्याची जाळी आतून काळी पडलेली, मधेमधे हिरवी पूड. वरचं आवरण चिमटीत दाबलं तर थेंब बाहेर आला. कनेक्टरवर साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, ती मेच्या उन्हात चिकट होऊन सुटली, आणि केबल तिथून सरळ खाली गाडीत उतरवलेली. पाणी जाळीत शिरलं की उन्हाळ्यात वाळतं, पण काळी पडलेली जाळी परत तांबूस होत नाही. काकांनी पुढच्या मीटिंगमध्ये काय सांगितलं माहितीये? ‘‘त्याने चांगली केबल कापली.’’ आजही तेच सांगतात.

असो. तुमचं. तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं यात काही नवल नाही. रिपीटर उंचावर बसलेला असतो आणि एफएममध्ये सिग्नल एका पातळीच्या वर असला की खरखर नाहीशीच होते. केबलने 10 डीबी खाल्ले तरी तुम्हाला फरक कळत नाही. तुमचा सिग्नल वर पोचताना मात्र आधीच काठावर असतो, तो पातळीखाली जातो. सेट बिघडलाय असं म्हणायला याने काहीच आधार मिळत नाही.

आधी मीटर सेटच्या मागे लावा, पॉवर सगळ्यात खालच्या पायरीवर आणा, अँटेना काढा आणि सेकंदभर पीटीटी दाबा. पाचेक मीटर आरजी-58 (गाडीत घालतात ती नेहमीची पातळ केबल) या बँडला साधारण 1 डीबी खाते, म्हणजे केबल धड असेल तर काटा 8 च्या पुढे उडाला पाहिजे. नाही उडाला, दीड-दोनवर रेंगाळला, तर केबल गेली. मग वॅटमीटर आणि डमी लोड सेटला थेट लावा. पूर्ण वॅट मिळाले तर सेटला हात लावायचं कारण नाही. तोच डमी लोड आणि मीटर केबलच्या वरच्या टोकाला नेऊन लावा: 50 घालून 40 च्या आसपास मिळाले तर ठीक, 15 मिळाले तर केबल सरळ कचऱ्यात. तिला जोड देऊन वाचवत बसू नका, आतलं पाणी तुम्ही कापता त्याच्या पुढेही गेलेलं असतं.

नवी केबल घालताना कनेक्टरवर आधी ताणून रबराची टेप आणि तिच्यावर काळी टेप, कौलं चढवतो तशी खालून वर. गाडीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथे ठिबकतं, आत येत नाही. दाराच्या फटीत दाबून आणू नका. पीएल-259 (केबलच्या टोकाचा कनेक्टर) ची जाळी भोकांतून नीट सोल्डर करून घ्या. बहुतेक दुकानांत नुसती पिन सोल्डर करतात आणि जाळी आत कोंबून वर आटे फिरवतात. पहिल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ती ढिली होते.

कॅरिअरबद्दलही शंका आहे. कॅरिअरला रंग असतो, खाली रबराचे पाय असतात, मग अँटेनाला ग्राउंड मिळणार कुठून? माउंटच्या बाहेरच्या कड्यापासून गाडीच्या बॉडीपर्यंत मल्टिमीटर लावा. जवळपास शून्य ओहम नसेल तर माउंटखालचा रंग खरवडा आणि कॅरिअरपासून बॉडीला जाड, आखूड पट्टी जोडा. माझं मत विचाराल तर कॅरिअर सोडा आणि टपाच्या मधोमध 49 सेंटिमीटरची साधी पाव तरंगाची काडी लावा. काका त्याला ‘नवशिक्यांचा अँटेना’ म्हणतात, आणि घाटात तोच वाजतो.

मल्टिमीटर हातात आहे म्हणून घाई करू नका. काही अँटेनांच्या बुडाशी कॉइल असते, ती मधल्या पिनेला सरळ ग्राउंडला जोडते. तिथे शॉर्ट दिसणारच, तो दोष नाही. केबल तपासायची तर अँटेना काढूनच.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: आवाज ‘तुटत’ जातोय म्हणता, तर सप्लायही बघा. 50 वॅटला सेट 10-12 अँपिअर ओढतो आणि दुकानदार सिगरेट लायटरच्या सॉकेटवरून वायर देऊन मोकळे होतात. पीटीटी दाबलेलं असताना सेटच्या मागच्या प्लगवर व्होल्ट मोजा. 12 च्या खाली जात असतील तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा थेट बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर ओढून घ्या.