सगळं नीट चाललंय, तरी आतून सतत धास्ती वाटते. हा आजार की स्वभाव? सांगलीत कुणाला दाखवावं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३६, सांगलीत बँकेत अधिकारी, नुकतीच बढती. शाखेत कौतुक, घरी कौतुक. पण पहाटे साडेतीनला जाग येते, छाती धडधडते, ईसीजी नॉर्मल आलाय आणि नवरा म्हणतो, "तुला कशाची कमी आहे?"

मी विश्रामबागेत जनरल प्रॅक्टिस करते. मानसोपचारतज्ज्ञ नाही, हे आधीच सांगते. पण तुमच्यासारख्या बायका तिकडे जाण्याच्या कितीतरी आधी फॅमिली डॉक्टरकडे येतात, आणि आल्यावर "मला धास्ती वाटते" असं क्वचितच कुणी म्हणतं. ॲसिडिटी म्हणतात. मान-खांदे धरलेत म्हणतात. सकाळी जबडा दुखतो, ऑडिट असलं की पोट बिघडतं, मुलांवर उगाच ओरडायला होतं. प्राध्यापिका, मुख्याध्यापिका, वकील, सीए. मोबाइल टेबलावर उलटा ठेवतात आणि बोलता बोलता सारखा सुलटा करून बघतात.

काम चांगलं होतंय म्हणजे तब्येत चांगली आहे, हा हिशेब आधी सोडा. या प्रकारच्या धास्तीतून काम उत्तमच होतं. एक मेल पाच वेळा वाचून पाठवला जातो, कुणाला नाही म्हटलं जात नाही, रजेच्या दिवशीही शाखेत फोन केला जातो. साहेबांना काटेकोरपणा दिसतो, सासूबाईंना कामसू सून दिसते. पहाटे साडेतीनची बाई कुणालाच दिसत नाही. आणि तिला स्वतःला मनापासून वाटतं की मी धास्तावते म्हणूनच सगळं नीट होतं. उपचारांनी ही धास्ती गेली तर मी ढिली पडेन. उपचार टाळण्याचं हे कारण मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. माझं मत विचाराल तर काम तुम्ही करताय आणि श्रेय धास्ती घेतेय. पॉलिन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये यशस्वी बायकांविषयी लिहिलं होतं, की हातात पदव्या आणि मान असूनही त्यांना वाटतं आपण लोकांना फसवलंय, एक दिवस उघडे पडू. असं वाटणं हा काही आजार नव्हे, पण या धास्तीच्या जोडीला ते बऱ्याचदा असतं.

आता स्वभाव की आजार. कामसू बाईचं काम संपलं की ती निवांत होते. धास्तीवाल्या बाईला काम संपल्यावर दहा मिनिटं बरं वाटतं आणि मग नवा विषय सापडतो: ऑडिट झालं, आता मुलीचा ताप, तो उतरला, आता गॅस बंद केला होता का. बढतीची बातमी आली की आनंदाच्या आधी पोटात गोळा येतो. डॉक्टर निदान करताना साधारण असं बघतात: किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक विषयांची, आवरता न येणारी चिंता, आणि सोबत अस्वस्थपणा, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी तीन तरी गोष्टी. इन्स्टाग्रामवर दिसणारी 'हाय-फंक्शनिंग अँग्झायटी' हे अधिकृत निदान नाही. त्या नावात आपण बसतो का, यात वेळ घालवू नका.

चिंता किती आहे ते मोजणारी जीएडी-७ नावाची प्रश्नावली आहे, २००६ पासून वापरात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ७ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २१. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचं. पण माझा अनुभव असा, की तुमच्यासारख्या बायका त्यातही स्वतःला कमी गुण देतात. शेवटी 'यामुळे कामात किती अडचण येते' असं विचारलेलं असतं, तिथे ठामपणे 'अजिबात नाही' लिहितात, कारण काम तर झालेलं असतं! चिडचिडीच्या प्रश्नाचं उत्तर तरी घरच्यांना विचारून लिहा.

घरी एक करून बघा. याने निदान होत नाही, पण अंदाज येतो. एखादा बिनमहत्त्वाचा मेसेज पुन्हा न वाचता पाठवा, किंवा एका रात्री ओटा न आवरता झोपा. नुसती सवय असेल तर थोडं खुपेल आणि विसराल. तासभर छाती जड राहिली, उठून ओटा आवरावाच लागला, तर डॉक्टरांना ते सांगा.

तिकडे जाण्याआधी रक्त तपासून घ्या: सीबीसी (यात हिमोग्लोबिन कळतं) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). थायरॉइड ग्रंथीचं काम वाढलेलं असलं की अशीच धडधड, अशीच झोपमोड होते. हिमोग्लोबिन कमी असलं तरी धडधडतं, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला होता. चहा किती होतो तेही मोजा. बँकेत कपामागून कप येतात. एक गोष्ट मात्र लपवू नका. पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचंही लक्षण असतं. उदास वाटतं का, कशात रस उरलाय का, हे विचारल्यावर खरं सांगा. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी दाखवा.

कुणाकडे? औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात, बोलून करायचे उपचार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. सायकॉलॉजिस्टकडे पुनर्वसन परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे ना, ते विचारायला लाजू नका. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, खाजगी डॉक्टरही सांगली-मिरजेत आहेत. ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. अहो, "मिरजेला दवाखान्यात चाललेय" म्हटल्यावर आपल्याकडे पुढचा प्रश्न कोण विचारतं? अर्धा उत्तर कर्नाटक तिथे येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्कही दिलाय. डॉक्टर तुमच्या बँकेला परस्पर काही कळवू शकत नाहीत. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून.

बोलण्याच्या उपचारांत सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी पद्धत, सर्वांत जास्त वापरतात. साधारण आठवड्याला एकदा, तीन-चार महिने. यात धीर देणं कमी आणि गृहपाठ जास्त असतो: न तपासता सोडून देणं, चिंतेला दिवसातली ठरावीक वेळ देणं. तुम्ही गृहपाठ चोख कराल, याची मला खात्री आहे. तोही अगदी चोख करायचा नाही, हे तुम्हाला जड जाईल. औषधं लागली तर बहुधा एसएसआरआय गटातली, म्हणजे नैराश्य आणि चिंता दोन्हींवर देतात ती. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिले काही दिवस मळमळ किंवा अस्वस्थपणा वाढू शकतो आणि बऱ्याच जणी तिथेच सोडून देतात. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, मात्र मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. व्यसन लागतं ते अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांचं. मैत्रिणीच्या पर्समधली अर्धी गोळी त्या रात्री झोप देते, म्हणूनच ती घातक.

नवऱ्याला पटवत बसू नका. पहिल्या वेळी सोबत या, एवढंच मागा. आणि रोज रात्री "माझं काही चुकलं नाही ना?" असं त्यांना विचारत असाल तर तेही हळूहळू कमी करा; "नाही" ऐकून तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि उद्या पुन्हा विचारावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना फाइल नीट लावून, उत्तरं तयार करून जाऊ नका. बढतीचं सांगू नका, साडेतीनचं सांगा. आणि मार्चएंड होऊ दे मग बघू, असं म्हणाल तर एप्रिलमध्ये ऑडिट येईल. अर्ध्या दिवसाची रजा पुरते.