प्रकाश-सहगुणक, वाटा आणि अंश

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे: बेळगावच्या वडगावमधल्या एका यंत्रमाग शेडमध्ये दिवसाचा उजेड वर्षभर किती मिळतो, याचा हिशेब त्यांनी रेडियन्स या रे ट्रेसिंग (किरणांचा माग काढून प्रकाश मोजणाऱ्या) सॉफ्टवेअरवर केला आहे. अहवाल मराठीत लिहिताना ‘लाइट कॉन्ट्रिब्युशन कोएफिशंट’ला तीन ठिकाणी तीन शब्द पडले: ‘योगदान गुणांक’, ‘प्रकाशाचा वाटा’ आणि ‘दिवाप्रकाश अंश’. यातला कुठला ठेवावा?

या तिन्हींपेक्षा ‘प्रकाश-सहगुणक’ ठेवावा. ‘वाटा’ आणि ‘अंश’ हे शब्दही लागणार आहेत, पण वेगळ्या राशींसाठी. त्या राशी एकमेकींत मिसळल्या की वाचणारा आकडे चुकीचे लावतो, म्हणून हा निव्वळ भाषेच्या चोखंदळपणाचा प्रश्न नाही.

आधी हिशेब काय आहे ते पाहू. आकाशाचा घुमट तुकड्यांत वाटतात. प्रकाशाचे अभ्यासक त्रेगेंझा यांच्या वाटणीत क्षितिजापासून वर ३०, ३०, २४, २४, १८, १२, ६ आणि माथ्यावर १ असे १४५ तुकडे होतात. जमिनीचा एक धरून १४६. रेडियन्समधला आरकॉन्ट्रिब हा प्रोग्राम (जुन्या कागदपत्रांत आरटीकॉन्ट्रिब) मागाच्या उंचीवर ठेवलेल्या बिंदूपासून किरण उलटे सोडतो. ते भिंतींवर, फरशीवर आपटत शेवटी आकाशाच्या कुठल्या तुकड्याला पोचले याची नोंद ठेवतो. त्या तुकड्याचं तेज एक एकक असेल तर या बिंदूवर किती प्रकाश पडेल, हा आकडा म्हणजे सहगुणक. मग बिंदूवरचा एकूण प्रकाश = स१त१ + स२त२ + … + स१४६त१४६ (स म्हणजे सहगुणक, त म्हणजे त्या तुकड्याचं तेज). शाळेतल्या बीजगणितात ५क्ष मधला ५ हा क्षचा सहगुणक असतो, तेच नातं इथे आहे. तेज दर तासाला बदलतं, सहगुणक जागचा हलत नाही. त्रेगेंझा आणि वॉटर्स यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली ती याच फायद्यासाठी: किरणांचं जड काम एकदाच करायचं आणि वर्षाच्या ८७६० तासांसाठी फक्त गुणाकार-बेरीज.

‘गुणांक’ का नको? मराठीत प्रसरणांक, अपवर्तनांक असे ‘अंक’वाले शब्द बहुतेक पदार्थाच्या अंगच्या गुणाचे आकडे सांगतात. आपला आकडा काचेचाही नाही आणि भिंतीचाही नाही. तो एक बिंदू आणि आकाशाचा एक तुकडा यांच्यातल्या नात्याचा आहे. शिवाय आपल्या भागात ‘सहगुणक’चा आणखी एक फायदा आहे. कर्नाटकातल्या कन्नड गणिताच्या पुस्तकांतही हाच शब्द आहे, त्यामुळे निपाणी-चिकोडीकडचा कन्नड माध्यमात शिकलेला सहकारीही तो अडखळल्याशिवाय वाचेल.

आता ‘वाटा’. आरकॉन्ट्रिबला व्ही नावाचा पर्याय आहे. तो बंद असताना (मुळात बंदच असतो) सहगुणक मिळतो, चालू केला की उगमाच्या तेजाने गुणून आलेला प्रत्यक्ष प्रकाश मिळतो. हा दुसरा आकडा म्हणजे ‘वाटा’. उसाचा टनाला दर आणि हातात पडणारं बिल यांत जो फरक, तोच या दोघांत. आकाशासाठी व्ही बंद ठेवावा. शेडमधल्या एलईडी नळ्यांचा प्रकाश मोजताना मात्र तो चालू करावा, कारण नळीचा प्रकाश दिशेनुसार कमीजास्त असतो आणि नुसत्या सहगुणकात ही माहिती हरवते. तेव्हा अहवालात ‘नळी क्र. ४ चा वाटा’ आणि ‘आकाशखंड ४ चा सहगुणक’ असं लिहिलं तर दोन्ही बरोबर.

सहगुणकाला वाटा किंवा टक्के का म्हणू नये, याचा पुरावा एका चाचणीत मिळतो. उघड्या माळावर, आसपास काही आडवं येत नसताना, वर तोंड करून एक बिंदू ठेवा, प्रदीपनाचा, म्हणजे पृष्ठावर पडणारा प्रकाश मोजण्याचा पर्याय (आय) चालू करा आणि आकाशाच्या सगळ्या तुकड्यांचे सहगुणक बेरजेला घ्या. उत्तर साधारण ३.१४ येतं, म्हणजे वर्तुळाच्या गणितातला पाय (π). १ येत नाही आणि १०० ही येत नाही. वाट्यांची बेरीज पूर्णाला पोचायला हवी, ही तशी पोचत नाही. ही चाचणी प्रत्येक मॉडेलवर आधी करावीच. १.५ च्या आसपास आलं तर बिंदू कशाच्या तरी आड आहे. शून्य आलं तर बिंदूची दिशा ० ० १ (सरळ वर) ऐवजी उलटी दिली आहे किंवा बिंदू फरशीखाली गेला आहे.

‘दिवाप्रकाश अंश’ तर दोनदा अडचणीचा. संस्कृतातला ‘दिवा’ म्हणजे दिवसा, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पेटता दिवा येतो आणि अर्थ नेमका उलटा होतो. ‘दिनप्रकाश’ म्हणा. आणि ‘दिनप्रकाश अंश’ हे नाव डेलाइट फॅक्टरसाठी राखून ठेवा: पूर्ण ढगाळ आकाशाखाली आतला प्रकाश भागिले बाहेरचा, टक्क्यांत. त्यात सूर्य नाही, दिशा नाही, तास नाही. खानापूरच्या पावसाळ्यात तो चालून जाईल, पण वर्षभराचं चित्र तो देत नाही. बेळगाव सुमारे १५.८५ उत्तर अक्षांशावर आहे; मेच्या सुरुवातीपासून साधारण ८ ऑगस्टपर्यंत दुपारचा सूर्य माथ्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेकडे काच असलेल्या करवती छपरातूनही या दिवसांत, ढग नसतील तेव्हा, थेट ऊन मागावर येऊ शकतं. अंश हे दाखवणार नाही, सहगुणक दाखवतात.

शब्द नीट असूनही आकडे चुकण्याच्या जागा सांगून ठेवतो. सगळ्यात घातकी चूक उत्तर दिशेची. आकाशाच्या व्याख्येत वाय अक्ष उत्तर आहे हे स्पष्ट लिहा (यू = वाय); उत्तर म्हणून भलतीच दिशा लागली, तर तुकड्यांची क्रमवारी फिरते. प्रोग्राम तक्रार करत नाही आणि सकाळचं ऊन भलत्याच भिंतीवर पडतं. आकाशाची वाटणी दोन्हीकडे सारखी नसेल, म्हणजे इकडे १४६ आणि हवामानाच्या फाईलवरून आकाशाचं तेज काढणाऱ्या जेनडेमॅट्रिक्सकडून २३०६ ओळी, तर दोन्हींचा गुणाकार करणारा डीसीटाइमस्टेप हा प्रोग्राम तिथेच अडतो. ती चूक निदान कळते. कौलारू शेडमध्ये उजेड मोजक्या काचेच्या कौलांतून येतो आणि फार थोडे किरण त्यांना सापडतात, त्यामुळे एडी (सोडायच्या किरणांची संख्या) १०००० पासून सुरू करावी, एबी (किरण किती वेळा आपटू द्यायचा) ५–६ ठेवावा आणि एलडब्ल्यू (किरणाच्या वजनाची खालची मर्यादा) १ भागिले एडी याहून मोठा नसावा. तो मोठा राहिला की कमी वजनाचे किरण वाटेतच गळतात आणि कोपऱ्यातले आकडे बेभरवशाचे होतात. शेवटी लक्स (प्रदीपनाचं एकक) काढताना प्रोग्रामने दिलेल्या लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांना अनुक्रमे ४७.४, ११९.९ आणि ११.६ ने गुणून बेरीज घ्यावी.

तक्त्याच्या मथळ्यात ‘प्रकाश-सहगुणक (स्टेरेडियन)’ असं एककासह लिहा, आणि खाली एक ओळ द्या: काच, छप्पर किंवा भिंतीचा रंग बदलल्यास हे आकडे पुन्हा काढावे लागतील, हवामानाची फाईल बदलल्यास नाही.