खाणीचं आंबट सांडपाणी शेवाळाने खरंच साफ होतं का? त्यातले धातू परत मिळतात का?

दोन्ही होतं, पण सगळं शेवाळावर सोडून चालत नाही. पुण्यात गच्चीवरची टाकी उघडी राहिली की पाणी हिरवट होतं ना, त्याच जातकुळीतलं हे सूक्ष्म शेवाळ. त्याच्या पेशीभित्तिकेवर ऋण भार असतो, म्हणून तांबं, जस्त, कॅडमियमचे आयन तिला चिकटतात. गंमत म्हणजे मेलेलं, वाळवलेलं शेवाळही हे काम करतं! जिवंत असेल तर प्रकाशसंश्लेषणाने पाण्याचा सामू (pH) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि काही धातू गाळ होऊन तळाशी बसतात.

अडचण आम्लाची. खाणीतल्या पायराइटमुळे (लोह-गंधकाचं खनिज) सामू ३ च्या खाली गेला की क्लोरेला हे नेहमीचं हिरवं सूक्ष्म शेवाळ सहसा टिकत नाही, आधी चुनखडी घालावी लागते. गॅल्डिएरिया नावाचं सूक्ष्म शेवाळ मात्र तशा आम्लातही मजेत वाढतं. धातू सोडवायला शेवाळ सौम्य आम्लाने धुतात. उरलेला लगदा कुंडीत खत म्हणून अजिबात टाकू नका.