बॅटरी साठवणुकीचा पहिला करार: आधी झीज वाचा

वीज साठवणाऱ्या बॅटरींचा पहिलाच पुरवठा करार हातात आलाय ना? किमतीचं पान नंतर बघा, आधी क्षमतेच्या हमीचा तक्ता उघडा. बॅटरी वापरून झिजते, तशी नुसती पडून राहिली तरी झिजते. त्यामुळे ‘१० वर्षांनी ७० टक्के’ (म्हणजे मूळ क्षमतेच्या ७० टक्के शिल्लक) एवढ्यावर भागत नाही. दरवर्षीचा आकडा मागा; नाहीतर तिसऱ्याच वर्षी ८० टक्क्यांवर घसरली तरी तुम्हाला काही म्हणता येणार नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मोजमाप कुठे, डीसी टोकांवर (थेट बॅटरीपाशी) की एसी मीटरवर (वीज ग्रिडला जोडते तिथे)? मधे इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मरची घट येते. चाचणीचं तापमान आणि डिस्चार्जचा वेगही लिहून घ्या.
- हमी कधीपासून? माल रवाना झाल्यापासून मोजणार असतील, तर गोदामात पडलेले महिने तुमच्या खात्यातून गेले.
- वापराच्या अटी. करारात दिवसाला एक सायकल (एकदा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज) आणि तुम्ही चालवल्या दीड, तर हमी पूर्ण रद्द न होता प्रमाणात कमी व्हावी. बीएमएसचा (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेचा) कच्चा डेटा स्वतःकडे साठवा. तो फक्त पुरवठादाराकडे असेल तर भांडणार कशाच्या जोरावर?

हमीचा आकडा हुकल्यास पैसे मिळणार की नवी मॉड्यूल (बॅटरीचे बदलता येणारे संच), हेही विचारा. मॉड्यूल असतील तर वाहतूक, मजुरी कोणाची? भरपाईची कमाल मर्यादा सहसा शेवटच्या पानांत दडलेली असते.