चीन समुद्रात गोळी न झाडता दादागिरी करतो, तर फिलिपिन्सने त्याला अडवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की चिनी जहाजं पाण्याचे फवारे मारतात, आडवी येतात, पण गोळी झाडत नाहीत. मग समोरच्याने करायचं काय? माझं उत्तर थोडक्यात असं: जागा सोडायची नाही. बाकीचे उपाय त्याच्यानंतरचे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शिकवतो. समुद्र इथे फार कोणी पाहिलेला नाही, पण धुरा (शेताचा बांध) कोरणारा शेजारी सगळ्यांना ठाऊक आहे. दर पेरणीला तो नांगराच्या एका तासाएवढा आत सरकतो. तेवढ्या एका तासासाठी कोणी ठाण्यात जात नाही, हे त्याला माहीत असतं. ‘ग्रे झोन’, म्हणजे युद्ध म्हणता येणार नाही अशी कुरघोडी, म्हणतात ते हेच.

स्कारबरो शोल हा दक्षिण चीन समुद्रातला उथळ प्रवाळ खडक फिलिपिन्सच्या लुझॉन बेटापासून साधारण १२० सागरी मैलांवर आहे. एप्रिल २०१२ मध्ये तिथे चिनी मासेमार सापडले, तेव्हा फिलिपिन्सने आधी नौदलाचं जहाज पुढे केलं. चीनने लगेच ओरड केली की लष्कर तुम्हीच आणलं. स्वतः मात्र त्याने बिगरलष्करी गस्ती जहाजं उभी केली, आणि तिकडे बंदरावर तपासणीच्या नावाखाली फिलिपिन्सची केळी अडकवली. जूनमध्ये फिलिपिन्सची जहाजं माघारी गेली, चिनी तिथेच राहिली. आजही ताबा त्यांचाच.

२०१३ मध्ये फिलिपिन्स आंतरराष्ट्रीय लवादात गेला. १२ जुलै २०१६ च्या निकालाने चीनने या समुद्राच्या नकाशावर मारलेल्या नऊ तुटक रेषांमागचा ऐतिहासिक हक्काचा दावा फेटाळला. (स्कारबरो कोणाच्या मालकीचं, हे मात्र लवादाने ठरवलं नाही, बातम्यांत हा भाग नेहमी गळतो.) चीनने निकाल मानलाच नाही. कागद हाती असला तरी ताबा आपोआप मिळत नाही.

याउलट त्याच समुद्रातला दुसरा खडक, सेकंड थॉमस शोल, बघा. १९९९ मध्ये फिलिपिन्सने ‘सिएरा माद्रे’ हे जुनं जहाज मुद्दाम तिथे रुतवलं आणि त्यावर मूठभर सैनिक ठेवले. जहाज गंजून गेलंय, रसद नेताना मार खावा लागतो. १७ जून २०२४ ला तर चिनी जवान चाकू-कुऱ्हाडी घेऊन भिडले आणि एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा गेला. तरी फिलिपिनो हटले नाहीत. पुढच्याच महिन्यात रसदीपुरता तात्पुरता समझोता करायला चीनला बसावं लागलं.

२०२३ पासून फिलिपिन्सचं तटरक्षक दल पत्रकारांना सोबत नेतं, व्हिडिओ जाहीर करतं. त्याने चीन लाजेल ही आशा मला भाबडी वाटते. फायदा वेगळा आहे: मित्रदेशांना कानाडोळा करणं अवघड जातं. अमेरिकेसोबतचा १९५१ चा संरक्षण करार तटरक्षक जहाजांनाही लागू होतो, हे २०२३ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी २०२४ मध्ये सांगितलं की जाणूनबुजून केलेल्या कृतीत फिलिपिनो माणूस मेला, तर ते युद्धाच्या अगदी जवळ जाईल. इशारा ठीक आहे, पण माणूस मरेपर्यंत काय काय चालेल, हेही त्यातून कळतं.

आपल्याकडे फिलिपिन्सला ब्राह्मोस क्षेपणास्त्र विकल्याचं कौतुक फार झालं. किनाऱ्यावरचं ते क्षेपणास्त्र युद्धनौकेला धाक दाखवेल. पाण्याच्या फवाऱ्यावर कोणी ते सोडणार नाही. त्यासाठी जपानने दिलेली ४४ मीटर आणि ९७ मीटर लांबीची गस्ती जहाजंच जास्त कामाची.